इनामगावची मुले आणि त्यांचे दात

मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आरंभबिंदू कोणता मानावा, हा वाद आमच्या वर्गांत दर वर्षी नव्याने रंगतो. अक्षीचा शिलालेख की श्रवणबेळगोळचा, ‘विवेकसिंधू’चा काळ किती मागे नेता येतो, ‘लीळाचरित्रा’ला पहिले स्थान द्यायचे की नाही, या चर्चेत दोन तासिका सहज जातात. या साऱ्या वादाच्या बुडाशी एक गृहीत असते आणि ते सहसा कोणी बोलून दाखवत नाही. अक्षर सापडले की माणूस सापडला, असे ते गृहीत आहे. अक्षराच्या पलीकडची माणसे आपण पुरातत्त्ववाल्यांच्या स्वाधीन करतो आणि मोकळे होतो.

परंतु आमच्या भागाचा भूगोल इतके सहज मोकळे होऊ देत नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या बाजूला गेले की गोदावरीच्या काठी आपेगाव लागते. ते ज्ञानदेवांच्या घराण्याचे मूळ गाव. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रस्त्याने गेले की प्रवरासंगमाचा पूल ओलांडून नेवासे येते. तेथे १२९० साली ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली. या दोन्ही गावांच्या मातीखाली ताम्रपाषाणयुगातील वसाहती आहेत. नेवाशाचे उत्खनन ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात केले. आपेगावचे उत्खनन १९७६ साली झाले. ‘ज्ञानेश्वरी’च्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी या नदीखोऱ्यांत घरे होती, जव पिकत होते, आणि घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले होती. नेवाशाच्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी ज्या दोऱ्यात ओवले होते त्याचे अवशेषही टिकले होते आणि त्यांत कापसाबरोबर रेशीम आढळले.

या मुलांविषयी अक्षराने काहीही सांगितलेले नाही. दातांनी मात्र बरेच सांगितले आहे. ते कसे वाचले गेले आणि वाचणाऱ्यांत मतभेद का झाले, हा या लेखाचा विषय. वाचन आणि अन्वयार्थ हा आमचा धंदाच असल्यामुळे विषय वरवर परका वाटला तरी तसा तो नाही.

सर्वाधिक पुरावा मिळाला तो इनामगावला. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर ही वसाहत होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ तेथे खोदाई केली. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. ढवळीकरांचे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ ज्यांनी वाचले आहे त्यांना इनामगावची ओळख करून देण्याचे कारण नाही. ज्यांनी वाचले नाही त्यांनी वाचावे, कारण शास्त्रीय विषयावर मराठीत असे स्वच्छ लिहिणारे फार थोडे. वसाहतीचे तीन टप्पे मानले जातात. इसवी सनापूर्वी १६०० ते १४०० माळवा, १४०० ते १००० आद्य जोर्वे आणि १००० ते ७०० उत्तर जोर्वे. ‘जोर्वे’ हे नाव संगमनेर तालुक्यातील त्याच नावाच्या गावावरून आले आहे. एकूण १३४ घरे उघडी झाली. आद्य जोर्वे काळात घरे चौकोनी आणि ऐसपैस होती. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी दगडमातीचा बांध आणि पाट होता. पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि शेजारी धान्याचे कोठार होते. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आखडली आणि शिकारीवरचा भर वाढला. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

दफने दोनशेहून अधिक मिळाली आणि त्यांत बहुसंख्य मुले. मोठ्या माणसाला उताणे, उत्तर-दक्षिण पुरत आणि पुरण्यापूर्वी घोट्याखालून पाय तोडत. मृत व्यक्ती चालत कुठे निघून जाऊ नये, अशी त्यामागची कल्पना असावी असे उत्खननकर्त्यांना वाटले. मुलांसाठी वेगळी रीत होती. राखी रंगाची दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, आणि हे सारे घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. ज्या जमिनीवर उरलेली भावंडे रांगत होती तिच्याच खाली. आईला ते जवळ हवे होते, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो, कारण असे म्हणणारा पुरावा नाही आणि वाचकाला हळवे करणे हे इतिहासाचे काम नव्हे.

आता दातांकडे वळू. दाताच्या बाहेरच्या पांढऱ्या कवचाला परिभाषेत दंतवल्क म्हणतात. बोलण्यात सगळे इनॅमलच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने कठीणपणापेक्षा दुसरा एक गुण महत्त्वाचा. हाड आयुष्यभर मोडत आणि घडत राहते, म्हणजे त्यावरचा जुना मजकूर पुसून नवा लिहिला जातो. इनॅमलचे तसे नाही. ते तयार करणाऱ्या पेशी थरावर थर चढवतात, आणि दात हिरडीतून वर येईपर्यंत स्वतः नाहीशा होतात. त्यामुळे झालेली चूक दुरुस्त करायला कोणी शिल्लक राहत नाही. थर चढत असताना बाळ आजारी पडले, उपाशी राहिले, तर त्या काळाचे इनॅमल पातळ पडते किंवा त्यात खाच, खड्डा, आडवी रेघ उमटते. ती खूण दात असेतोवर राहते, आणि दात माणसाहून पुष्कळ अधिक टिकतो.

दुधाच्या दातांचे इनॅमल गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास घडू लागते आणि जन्मानंतर साधारण वर्षभरात पूर्ण होते. म्हणजे दुधाच्या दाताचा अर्धा मजकूर आईच्या पोटातला, अर्धा मांडीवरचा. या दोहोंच्या मध्ये जन्माची स्वतंत्र रेघ असते, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी. जन्मल्यावर काही दिवस तरी जगलेल्या बाळाच्याच दातात ती सापडते. ज्या समाजाने जन्म-मृत्यूची एकही नोंद ठेवली नाही त्यातले एखादे बाळ मृत जन्मले की काही दिवस जगले, हे तीन हजार वर्षांनी सांगता यावे, याची मौज वाटावी की काळीज हलावे ते कळत नाही.

इनामगाव, नेवासे आणि प्रवरेकाठचे दायमाबाद या तिन्ही ठिकाणच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर एक विशिष्ट खूण आढळते. सुळ्याच्या ओठाकडच्या बाजूवर साधारण गोल आकाराचा खळगा असतो आणि तेथे इनॅमल पातळ असते किंवा नसतेच. याचे कारण म्हणून असे मांडले गेले की, पोषण कमी पडलेल्या तान्ह्या बाळाच्या जबड्यात वाढत्या सुळ्यावरचे हाड फार पातळ राहते, कधी त्यात भोकच असते. हाताला येईल ती वस्तू तोंडात घालायच्या वयात बाळाला बारीकसा मार लागतो, आणि आतल्या नाजूक पेशी दबून तेवढ्या जागी इनॅमल अपुरे राहते. खुळखुळ्याच्या वयातली ही खूण. तिचे मूळ मात्र आईच्या आणि बाळाच्या ताटात.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, अमुक खूण तमुक कारणाने होते हे ठरवले कोणी? खळगा उपासमारीचा, तापाचा, की आईबापांकडून आलेल्या दोषाचा, हे दाताला कसे विचारणार? माणसाच्या बाळावर प्रयोग करता येत नाहीत, म्हणून हा प्रश्न उंदरांना विचारला गेला. आमच्याकडे दुधाचा दात पडला की तो उंदराच्या बिळात टाकून त्याच्यासारखा दात मागायची पद्धत होती. कौले होती तोवर कौलांवरही भिरकावत. लोकांनी उंदीर निवडला तो उगाच नाही. उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि त्यांना इनॅमल असते ते फक्त ओठाकडच्या बाजूला. दात सतत नवा घडत असल्यामुळे इनॅमल घडण्याच्या साऱ्या अवस्था, पहिल्या थरापासून पक्क्या कवचापर्यंत, एकाच दातात एकाच वेळी पाहायला मिळतात. संशोधकाला याहून सोयीचा प्राणी कुठला मिळणार?

जनुकात फेरफार केलेल्या उंदरांची पैदास शक्य झाल्यावर हे काम झपाट्याने पुढे गेले. इनॅमल घडताना ॲमेलोजेनिन नावाचे प्रथिन त्याचा साचा धरते. २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी या प्रथिनाचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांचे दात खडूसारखे पांढरे निघाले, इनॅमल अतिशय पातळ आणि आतली सुबक रचना हरवलेली. पुढच्याच वर्षी दुसरे एक जनुक बंद केलेल्या उंदरांचे वर्णन प्रसिद्ध झाले. या जनुकापासून बनणारे विकर साच्याची प्रथिने कापून काढते आणि खनिजाला जागा करून देते. ते नसले की इनॅमल ठिसूळ होते आणि खालच्या थरापासून सुटून निघते. माणसांत काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या असे सदोष इनॅमल चालत येते, त्याचे कोडे या उंदरांमुळे पुष्कळसे उलगडले. पुरातत्त्वालाही त्याचा उपयोग झाला. जनुकाचा दोष सगळ्या दातांवर आणि दाताच्या बहुतेक सर्व पृष्ठभागावर पसरतो. आजाराची किंवा उपासमारीची खूण मात्र त्या-त्या वेळी घडत असलेल्या भागापुरती राहते. म्हणजे फक्त सुळ्यावरचा गोल खळगा घराण्यातून आलेला नाही, जगण्यातून आलेला आहे, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.

पण विश्वास फार ताणू नये, हेही उंदरांनीच शिकवले. मराठवाड्यातील आणि विदर्भातील काही भागांत विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते आणि तेथील मुलांच्या दातांवर खडूसारखे पट्टे, पुढे पिवळे-तपकिरी डाग दिसतात. एकाच पाण्यावर वाढलेल्या दोन मुलांचे दात सारखे डागाळत नाहीत, हे पाहणाऱ्याला दिसतेच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांना सारखेच फ्लोराइडयुक्त पाणी दिले गेले. एका वाणाचे दात लवकर आणि वाईट बिघडले, दुसऱ्याचे जवळजवळ नाही. पाणी तेच, पिंजरा तसाच, फरक फक्त वंशाचा. तेव्हा परिस्थिती आणि वारसा यांची वाटणी वाटते तितकी सरळ नाही. प्रयोगशाळेत कारण आधी माहीत असते आणि खूण मागाहून येते, तेथे एका वेळी एकच गोष्ट बदलता येते. इनामगावात खूण हाती आहे, कारणे अनेक, आणि ती सगळी एकदम घडून गेलेली.

हे लक्षात ठेवून इनामगावच्या दातांचे काय झाले ते पाहू. ओरेगन विद्यापीठाचे जॉन ल्यूकॅक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८६ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. सुळ्यांवरच्या खळग्यांविषयीचा त्यांचा महत्त्वाचा लेख १९९८ चा. त्यांचा निष्कर्ष अनपेक्षित होता. आद्य जोर्वे काळ म्हणजे बांध, पाट, कोठार, ऐसपैस घरे, एकंदर भरभराटीचा. उत्तर जोर्वे म्हणजे झोपड्यांचा आणि उतरणीचा. मग मुलांच्या दातांवरचे ओरखडे उतरणीच्या काळात वाढायला हवेत. प्रत्यक्षात ते कमी झालेले दिसले. यावरून त्यांनी असे मांडले की, स्थिर शेती सुटून लोक शिकार, पशुपालन आणि रानातले अन्न यांकडे वळले तेव्हा आहारात विविधता आली आणि माता-बालकांवरचा ताण हलका झाला. कोठार भरलेले होते म्हणून गावातले बाळ भरल्या पोटी होते असे नव्हे, हा या निष्कर्षाचा आम्हाला जाणवलेला अर्थ. ऐसपैस घरे पाहून ज्या काळाला आपण वैभवाचा म्हणतो त्याच्याविषयी त्याच घरांखालची मुले वेगळी साक्ष देत होती.

पुढे ओरेगनलाच शिकलेल्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी हीच मुले पुन्हा तपासली. त्यांनी दातांबरोबर हाडांच्या वाढीकडे, वयाच्या मानाने शरीर किती भरले होते याकडे आणि मृत्यूच्या वयांकडे लक्ष दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातले चित्र वेगळे आहे. उत्तर जोर्वे काळात जन्म अधिक, बालमृत्यूही अधिक, आणि मुलांची अंगे कृश. आधीच्यांनी सांगितलेली सुधारणा त्यांना हाडांत दिसली नाही. याच ग्रंथात त्यांनी दुसऱ्या एका रूढ समजाला धक्का दिला. उत्तर जोर्वे काळातील उतरणीचे आणि गाव ओस पडण्याचे कारण म्हणून ढवळीकरांनी पर्जन्यमान घटल्याचे सांगितले होते आणि मराठी वाचकांनी ते सहज स्वीकारले. शुग यांच्या मते प्राचीन हवामानाचा उपलब्ध पुरावा इतके सरळ उत्तर देत नाही. जमिनीचा वापर, लोकसंख्या, समाजरचना यांचाही विचार करावा लागेल.

आम्हाला येथे थोडे थांबावेसे वाटते. इनामगावची खोदाई चालू असतानाच १९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला. सुकडी, मिलो, रोजगार हमीचे खडी फोडणारे हात, हे सारे ज्यांनी पाहिले किंवा घरात ऐकले, त्या पिढीला गाव का ओस पडले याचे उत्तर पाऊस हेच वाटणार. ढवळीकरांच्या पुराव्याला आम्ही यात उणेपणा देत नाही. त्यांनी अवशेषांवरून युक्तिवाद केला होता. तो वाचकाला इतका चटकन का पटला, याविषयी मात्र आमचा हा तर्क आहे. साहित्यात एखादी कृती विशिष्ट काळातच का उचलली गेली हे आपण विचारतो, तसे शास्त्रीय सिद्धान्तांविषयीही विचारायला हरकत नसावी.

मूळ पेच उरतोच. दात म्हणतात बरे झाले, हाडे म्हणतात वाईट झाले. मुले तीच, मडकी तीच. कोणाचे खरे? या प्रश्नाची गुरुकिल्ली १९९२ साली जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गाजलेल्या लेखात मांडली होती. दातावर रेघ उमटायला आजारी पडणे पुरत नाही, आजारातून उठावेही लागते. पेशी थबकल्या आणि पुन्हा कामाला लागल्या तरच खाच दिसते. जे बाळ पहिल्याच तापात गेले त्याचे दात निर्मळ राहतात. म्हणजे खळगे असलेला सुळा हा त्रासाचा जितका पुरावा, तितकाच तगून राहिल्याचाही. उत्तर जोर्वे काळात खळगे कमी झाले याचा अर्थ मुले सुखात होती असा होऊ शकतो, आणि मुले खूण उमटण्याइतकीही टिकत नव्हती असाही होऊ शकतो. त्यात आणखी एक अडचण. आपल्या हाती आलेली मुले म्हणजे मेलेली मुले. जी वाढली, संसाराला लागली, गाव सोडून गेली, त्यांचे दुधाचे दात कुठे पडले कोण जाणे.

आमचा कौल शुग यांच्या बाजूला झुकतो, कारण वाढ खुंटल्याचा आणि कोवळ्या वयातल्या मृत्यूंचा पुरावा दातांच्या निर्मळपणाचा अर्थ बदलून टाकतो. एका शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्यावरून ठरतो, तसेच हे. तथापि ल्यूकॅक्स-वाळिंबे यांचे मोजमाप यामुळे बाद होत नाही. त्यांनी मोजलेले खळगे जागच्या जागी आहेत, आणि आद्य जोर्वे काळाविषयी त्यांनी उभी केलेली शंका तर अजून तशीच आहे. कोठाराशेजारच्या वस्तीत बाळांच्या जबड्याची हाडे इतकी पातळ का होती? धान्य कोणाच्या घरी जात होते? पहिल्या घासाच्या वयात नुसती जवाची पेज मिळत होती काय? उत्तर जोर्वे काळाच्या वादात हे प्रश्न मागे पडले.

आणखी एक प्रश्न आजवर विचारताच येत नव्हता. लहान मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीने ठरवता येत नाही, त्यामुळे इनामगावची मुले अहवालांत केवळ ‘मुले’ राहिली. वर ज्या ॲमेलोजेनिनचा उल्लेख आला त्याचे जनुक माणसात एक्स आणि वाय अशा दोन्ही लिंगगुणसूत्रांवर असते आणि दोहोंपासून बनणारे प्रथिन किंचित भिन्न असते. २०१७ च्या सुमारास अशी पद्धत रूढ होऊ लागली की, इनॅमलचा पृष्ठभाग सौम्य आम्लाने अगदी थोडा विरघळवायचा, त्यात उरलेल्या प्रथिनांचे तुकडे तपासायचे आणि वायकडचा तुकडा मिळतो का पाहायचे. मिळाला तर मुलगा. न मिळाल्यास बहुधा मुलगी, मात्र नमुना पुरेसा चांगला हवा. दात जवळजवळ होता तसाच राहतो. जगात इतरत्र बालकांच्या प्राचीन दातांवर ही पद्धत यशस्वी झाली आहे. दख्खनच्या उष्ण, कधी ओल्या कधी भेगाळणाऱ्या काळ्या मातीत ही प्रथिने पुरेशी टिकली असली, तर मडक्यातले बाळ मुलगी होती की मुलगा, कोणाच्या सुळ्यांवर खळगे जास्त, आणि कोण कोणत्या वयात गेले, हे तपासता येईल. नेवाशाला ज्या गळ्यात रेशमाच्या दोऱ्याची माळ होती तो मुलीचा की मुलाचा, हेही.